खालचा कप्पा

आमच्या दवाखान्यात औषधांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. तोंडाने मी फटकळ, पण कामात चूक दाखवा म्हणतो. फ्रीजवर मोठ्या साहेबांनी स्वतः कागद चिकटवलेला: फक्त लसींसाठी. तिथे मी दुसरं काही ठेवू देत नसे.

नर्सबाई रोज डोकं खायच्या. "भाऊ, बाळंतिणीचं रक्त थांबवायची इंजेक्शनं पत्र्याच्या कपाटात तापतात. खोक्यावरच लिहिलंय, थंड जागी ठेवा. फ्रीजचा खालचा कप्पा रिकामाच आहे."

"साहेबांचं तसं लेखी आणा, मग बघू," मी म्हणायचो. वर टोमणा, "उद्या म्हणाल, बाळंतिणीलाच फ्रीजमध्ये ठेवा."

खरं तर तो कप्पा अगदीच रिकामा नव्हता. तिथे माझी पाण्याची बाटली असायची. तपासणी असली की तेवढी पिशवीत लपवायची. एका बाटलीने काय आभाळ कोसळतं?

परवा भर दुपारी माझी भाची बाळंत झाली. धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. मीच म्हटलं होतं, लांब कशाला जाता, मामा आहे ना इथे. मुलगी झाली, रडली, आम्ही हसलो. मग रक्त थांबेना. नर्सबाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं, मग आणखी एक. काही उपयोग होईना. पुन्हा मागायला आल्या, तेव्हा मी कपाटाच्या मुठीला हात लावला आणि चटका बसला. किती दिवस त्या उकाड्यात पडून औषधाचा दमच गेला होता. नर्सबाई तीच इंजेक्शनं उचलून आत धावल्या. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठ्या दवाखान्याची गाडी यायच्या आत भाची गेली.

बहीण व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, नात मांडीवर. रडून रडून घशाला कोरड पडलेली. "दादा, घोटभर पाणी दे रे."

नर्सबाई आत गेल्या, फ्रीज उघडला, बाटली आणून तिच्या हातात दिली.

ती घटाघटा प्यायली. मग बाटली गालाला लावून म्हणाली, "किती गार आहे रे. तुझी का?"

"हो," मी म्हणालो. "माझीच."