विहिरीवरून गेलेली साखळी

"दर शनिवारी हेच! एवढ्या कड्या, आणि एकेका कडीत ही धूळ. पपांना आफ्रिकेतून एखादी उशी आणता आली नाही?"

मित्रांनो, माझ्यावर फडकं घाशीत कुरकुरणारी ही इल्झे. आणि मी जमीन मोजायची साखळी. लोखंडी, वीस मीटर लांब, दोन्ही टोकांना पितळी मुठी. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या त्या घरात इल्झेच्या वडिलांनी, हेर म्हणजे श्रीयुत ब्रेनेकेंनी, मला सोफ्यावरच्या भिंतीवर तोरणासारखं टांगलं होतं. साल १९६२.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, शेतांचे बांध आखीन, भावाभावांची भांडणं मिटवीन. पण चोविशीतल्या ब्रेनेकेने मला दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत नेलं. तिथे हेरेरो लोकांची गुरं चरायची. जर्मन फौजेने त्यांना मारलं, उरलेल्यांना पाणी नसलेल्या वाळवंटात हाकललं. आणि मग मला तिथे पसरलं. चुलींच्या राखेवरून, कबरींवरून, एका भरल्या विहिरीवरून मला ओढत नेलं. माझं एक टोक त्याच लोकांतल्या एका कैद्याच्या हातात होतं. त्याने एकदाही मान वर केली नाही.

ब्रेनेके बडा शेतकरी झाला. मग वसाहतीच्या कायदेमंडळात सभासद. तिथे मला मेजावर आपटून तो म्हणाला, "ज्याच्याकडे कागद नाही, त्याची जमीन नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्यांचीसुद्धा शिसारी येते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे वसाहत गेली, तो परत आला. तेव्हापासून पाहुणा आला की ओलसर अंगठ्याने मला कुरवाळायचा आणि म्हणायचा, "माझी प्रामाणिक सोबतीण." गंजून मोडावं असं वाटे. पण इल्झे तेल लावायची ना!

वरच्या खोलीत श्यामकांत आणि कुसुम हे मराठी जोडपं भाड्याने राहत होतं. तो फ्रांकफुर्टला डॉक्टरेट करीत होता, तिला सातवा महिना होता. ही खोली मिळायच्या आधी अकरा घरमालकिणींनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. म्हणून हेर ब्रेनेके जेव्हा म्हणाले, "माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुमच्यासारख्या, वसाहतीतल्या माणसाने भाषण करून आम्हा गोऱ्यांचे आभार मानले पाहिजेत," तेव्हा श्यामकांत "हो, हो" म्हणाला आणि जिना चढून गेला.

रविवारी दोघांना खाली कॉफीला बोलावून हेर ब्रेनेकेंनी आपलं लिहिलेलं आत्मचरित्र वाचायला घेतलं. मिशीला केकवरची साय. "आम्ही आलो तेव्हा जमीन रिकामी होती. पहिल्याच संध्याकाळी विहिरीचं गोड पाणी प्यालो."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील साताऱ्याकडे मोजणीदार. मला तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"अहो, विचारा ना त्यांना. रिकाम्या जमिनीत विहीर कोणी खणली?"

"कुसुम, कॉफी घे."

"बाबा म्हणायचे, साखळी कशावरून गेली ते वहीत लिहायचंच. विहीर लागली तर ती कुणाची, तेही."

"काय म्हणतात तुमच्या पत्नी?" हेर ब्रेनेकेंनी विचारलं.

"केक फार छान झालाय, म्हणते," श्यामकांतने जर्मनमध्ये सांगितलं.

"कूखन?" केकला कूखन म्हणतात, तेवढं जर्मन कुसुमला येत होतं. "मी कूखनचं नाव तरी घेतलं का हो?"

इल्झे टेबलक्लॉथवरचा चुरा एकेक करून वेचू लागली. ते चरित्र तिनेच टाईप केलं होतं. ती विहीर तिच्याही बोटांखालून गेली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण नुसत्या चकाकवू नका. त्या कुणाच्या अंगावरून गेल्या तेही विचारा. आम्हाला तोंड असतं तर आम्ही भिंतीवर इतकी वर्षं गप्प लटकलो असतो का?

श्यामकांतने एकदा छताकडे पाहिलं, वरच्या त्या खोलीकडे. मग बायकोकडे.

"हेर ब्रेनेके, मी खोटं सांगितलं. ती विचारते आहे, विहीर कोणी खणली."

म्हातारा हसला. "असले प्रश्न भाषणात नकोत हं!"

"भाषण एवढंच आहे," श्यामकांत म्हणाला. त्याचं जर्मन अगदी स्पष्ट होतं. "ती जमीन रिकामी नव्हती. तिथे माणसं होती. तुम्ही लोकांनी ती मारलीत."