जागेवरचा मृत्यू

आमचं पंक्चरचं दुकान अगदी वळणावर आहे. झाडीमुळे समोरून येणारं काही दिसत नाही. धाडकन आवाज झाला, की माझा नवरा हातातली ट्यूब टाकून टेम्पो काढायचा आणि जखमीला शहरातल्या दवाखान्यात न्यायचा. लोक म्हणायचे, याला लष्कराच्या भाकरी भाजायची हौस आहे. मला मात्र त्याचा अभिमान होता.

आमची मुलगी रोज तिथूनच रस्ता ओलांडून शाळेत जाते. म्हणून गतिरोधकासाठी मी रस्ते खात्याच्या कचेरीत खेटे घालत होते. तिथला कारकून भला माणूस, म्हणजे बसायला खुर्ची तरी द्यायचा. त्याने सांगितलं, धोक्याच्या यादीत यायला तीन वर्षांत पाच मृत्यू लागतात, तुमच्याकडे चारच आहेत. मी चक्रावले. नऊ तर मला तोंडपाठ होते.

"ताई, बाकीचे दवाखान्यात गेले," तो म्हणाला. "जागेवर गेलेलेच धरतात."

घरी येऊन मी नवऱ्याला झापलं. तुमचा परोपकार पोरीच्या मुळावर उठलाय, पुढच्याला उचलायचं नाही, असं बजावलं आणि टेम्पोची किल्ली स्वतःकडे ठेवली.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, एका ट्रकने मोपेडवरच्या दूधवाल्या म्हाताऱ्याला उडवलं. श्वास चालू होता.

"किल्ली दे," नवरा म्हणाला.

मी दिली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यातच बसून म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरी गाडी यायला अर्धा तास लागला. म्हातारा तेवढा टिकला नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, झाले पाच.

दुसऱ्या दिवशी नोंद करायला गेले, तर कारकून ओशाळून हसला. दवाखान्यात गेलेलेही धरायचे असतात, नियम वाचण्यात त्याचीच चूक झाली होती. गतिरोधक मंजूर होऊन पंधरा दिवस झाले होते. आम्हाला कळवायचं तेवढं राहून गेलं.

आता गतिरोधक झालाय. गाड्या मुकाट्याने हळू होतात, मुलगी एकटी जाते. परवा म्हाताऱ्याची सून दुकानात आली. सासरे रस्त्यावर बेवारशासारखे गेले नाहीत, तुमच्या मांडीवर गेले, म्हणून रडत नवऱ्याच्या पाया पडायला वाकली.

तो मागे सरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्या पडा. मी तर त्यांना नेणार होतो."