सातव्या मिनिटानंतर

"मला पसंत करायलासुद्धा तुला एवढा वेळ लागला नव्हता," नवरा पुटपुटला. तो खाटेच्या उजव्या अंगाला उभा होता, म्हणून थोरलीला ते ऐकू आलं.

"तेव्हा निवडायला फार काही नव्हतं," मोबाइलमधल्या गाण्यांच्या यादीवरून बोट सरकवत ती म्हणाली.

धाकटी बहीण हसली, पण लगेच तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सिस्टर सांगून गेल्या होत्या, दहा मिनिटांत ट्रॉली येईल, मोबाइल घरच्यांकडे द्या.

थोरलीचा डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता. आज उजव्या कानामागची गाठ काढायची होती. डॉक्टर काय म्हणाले ते तिघांनी एकाच टेबलासमोर बसून ऐकलं होतं. घरी आल्यावर मात्र 'आधी गाठ तर निघू दे' याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. नवरा-बायकोच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्तीला यायच्या. चालत्या मोटारीवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग गेलंय का ते सांगायचं, हे काम थोरलीचं. आठवडाभर ती चहा टाकायला आत गेली, की नवरा तोच स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावून बघत होता.

"ते ड्रमवालं लाव ना, ताई."

"नको."

"मग आपण उड्या मारून खाट मोडली होती, ते?"

"तेही नको."

"सगळी सारखीच तर आहेत," नवरा म्हणाला. "पत्र्यावर गारा."

"बावीस वर्षं ऐकताय, भावजी, आणि अजून गाराच?" धाकटी म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "बरं, कुठलंही लाव. नंतर सावकाश..." आणि तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. पाणी आज कुणाला प्यायचं नव्हतं.

थोरलीचं बोट एका जागी थांबलं. धाकटीने वाकून पाहिलं.

"हे? ताई, हे अकरा मिनिटांचं आहे. आणि अर्धवट."

अर्धवट गाणं नव्हतं, त्यांची कॅसेट होती. मैत्रिणीकडून भरून आणलेली. सातव्या मिनिटाला, गिटार अगदी वर चढलेली असताना फीत संपायची. खट्. कितीतरी वर्षं दोघींना वाटत होतं, गाणं तसंच संपतं. काय शेवट केलाय पठ्ठ्यांनी, म्हणून त्या मैत्रिणींना बळंच ऐकवायच्या. पुढे खरं कळलं, तरी थोरली त्या खट्पाशीच गाणं बंद करायची. तिथून पुढे ती कधी गेलीच नाही.

"बाकीची मला पाठ आहेत," थोरली म्हणाली.

धाकटीने वायरीचा गुंता सोडवला. लहानपणापासूनच्या वाटणीप्रमाणे हेडफोनचं एक टोक तिने आपल्या कानात घातलं, दुसरं बहिणीच्या उजव्या. नवऱ्याने मोबाइल हातात धरला.

थोरलीची बोटं चादरीवर ताल धरू लागली. एकही ठोका चुकत नव्हता. घड्याळाचा काटा फिरत होता. सातव्या मिनिटाला बोटं सवयीने थांबली आणि खट् झालं नाही. तिने डोळे मिटले. बोटं चादरीच्या वर तशीच राहिली. पुढचा ठोका कुठे पडणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

दार ढकलून ट्रॉली आत आली. मागोमाग सिस्टर.

"अहो, अजून कानात आहेच? काढा, काढा. वर डॉक्टर थांबलेत. राहिलेलं उद्या ऐका."

धाकटीचा हात आपल्या कानापर्यंत गेला. नवरा जागचा हलला नाही. तो ट्रॉली आणि खाट यांच्या मधोमध उभा होता आणि त्याची नजर मोबाइलवर सरकणाऱ्या आकड्यांवर होती.

"उद्या तिला ऐकू येणार नाही, सिस्टर," तो म्हणाला. "तीन मिनिटं राहिलीत. संपू दे."