कुरणातले झुबे

ऊलकानने टाचेने माती दाबली, उपटलेला गवताचा गड्डा जसाच्या तसा वर बसवला आणि खुणेला मुठीएवढा पांढरा दगड ठेवला. मग कमरेवर हात देऊन ती उभी राहिली. खाली ओढ्याकाठी तिची सून सालकिन दुधाची चामडी पिशवी धूत होती. तिची पाठ इकडे होती.

नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू काल उभा राहिला होता. तो दोन जागांवर आलटून-पालटून लागायचा. गेल्या उन्हाळ्यातली जागा तीस पावलांवर होती; गवत तिथे अजून फिकट होतं आणि मधोमध चुलीची काळी खूण होती. त्या फिकट वर्तुळाच्या डाव्या अंगाला ऊलकानने रुमालात बांधून झुबे पुरले होते.

चांदीचे लांब झुबे, टोकाला पोवळ्याचा थेंब, आणि दोन्हींना जोडणारी हनुवटीखालून जाणारी बारीक साखळी. तिच्या सासूने ते तिच्या कानांत घातले होते, सासूच्या कानांत तिच्या सासूने. मुलगी पसंत पडली की मुलाच्या आईने तिच्या कानांत झुबे घालायचे. तेवढं झालं की लग्न ठरलं.

तेवीस वर्षांपूर्वी ऊलकानचा थोरला मुलगा सागिन एका संध्याकाळी सालकिनला घेऊन आला, कोणाला न विचारता. ती घाटाखालच्या खाणावळीत भांडी घासायची, आईबाप नव्हते. ऊलकानच्या मनात आपल्या मैत्रिणीची मुलगी होती, नर्सिंग शिकलेली. झुबे घालायच्या दिवशी बायका जमल्या. तांबड्या ओढणीतली पोर मान खाली घालून बसली होती.

"घरचे झुबे कुठायत गं?" शेजारच्या जूराने विचारलं.

"हरवले," ऊलकान म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात कुरणावर. सामान हलवताना पडले कुठेतरी."

आणि बाजारातले दोन चिमुकले झुबे तिने पोरीच्या कानांत अडकवले.

वर्षभर बघू, असं तिने ठरवलं होतं. टिकते का, कशी वागते ते बघू, मग पेटीत सापडले म्हणून देऊन टाकू. पण पहिल्याच उन्हाळ्यात कुरणावर आल्या आल्या सालकिन जुन्या तंबूच्या जागी गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी गवत विंचरू लागली. पोटात सहा महिन्यांचा उलान होता.

"काय करतेस?"

"झुबे शोधते, आई. तुमच्या सासूबाईंचे ना ते? सापडतील."

त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं. ऊलकान तंबूत गेली आणि चहा ठेवला. पुढच्या वर्षी सांगणं आणखी अवघड झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून. दर उन्हाळ्यात सालकिन एक सकाळ त्या वर्तुळात घालवायची. तिला एक बटण मिळालं, जुनं रशियन नाणं मिळालं, नालाचे खिळे मिळाले, सागिनचा दुधाचा दात मिळाला. जूरा तर म्हणायची, "तुझी सून इथं घोड्यांचं दूध पिळायला येते की कुरण नांगरायला?" सालकिनही हसायची. ऊलकान मात्र चुलीत काटक्या सारत बसायची.

आता उलानसाठी मुलगी पसंत केली होती. महिनाभरात खालच्या गावच्या बेगिमाईच्या कानांत झुबे घालायचे होते, आणि ते सालकिनने घालायचे होते. ऊलकानने हिवाळाभर विचार केला. तोंडाने सांगायचं धाडस होईना. मग तिला हे सुचलं. सालकिन शोधील, तिला सापडतील, पोर आनंदाने ओरडत तंबूकडे धावत येईल. झालं.

पण पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सालकिनने घोड्या पिळल्या, दूध पिशवीत घुसळून आंबवलं. त्या जागेकडे फिरकलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी ऊलकानने न राहवून विचारलं, "यंदा बसली नाहीस शोधायला?"

"झुबे होय?" सालकिन पिशवीत रवी फिरवत होती, ती थांबली नाही. "राहू द्या, आई. मिळायचे असते तर एव्हाना मिळाले असते. ह्यांना सांगितलंय, शहरातून नवे आणा म्हणून. आणि गुडघे माझे आता ऐकत नाहीत."

"असं कसं? घरचे ते घरचे. एकदा बघ तरी. डाव्या अंगाला नीट बघितलंस का कधी?"

"डावं, उजवं, सगळं बघून झालंय." ती हसली. मग हसू ओसरल्यावर, रवीकडे बघतच म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. मला काही झुब्यांची हौस नव्हती हो. त्या दिवशी बायका बोलल्या होत्या ना, ही उंबऱ्यात यायच्या आधीच घरातली चांदी पळाली म्हणून. माझा पायगुण. पुढं आपली तांबडी घोडी मेली तेव्हाही बोलल्या. वाटायचं, एकदा सापडू देत, मग कोण काय बोलतं बघते. आता सून आणायचं वय झालं. बोलेनात का."

ऊलकान उठून चुलीकडे गेली. पायगुणाचं ते बोलणं तिनेही ऐकलं होतं, आणि बोलणाऱ्या बायकांना अडवलं नव्हतं.

दुपारी गारा पडल्या. वारा इतका सुटला की तंबूचा खालचा नमदा फडफडू लागला. सागिनने धावत धावत दगड गोळा केले आणि कडेने नमद्यावर रचले. बावचळलेल्या घोड्या जुन्या जागेवरून दोनदा आरपार गेल्या. तासाभराने ऊन पडलं तेव्हा सगळीकडे चिखल झाला होता, आणि पांढरा दगड तंबूच्या कडेला इतर चाळीस दगडांत होता.

ऊलकान जुन्या जागी जाऊन उभी राहिली. डावं अंग म्हणजे नेमकं कुठलं, हेच तिला कळेना. चुलीची खूण वाहून गेली होती. जिकडे बघावं तिकडे खुरांनी उखडलेले गड्डे. ती गुडघ्यांवर बसली. इथे हात घाल, तिथे घाल. बोटांना मुळं लागत होती, खडे लागत होते.

"काय शोधताय, आई?" सालकिन वरून बघत होती. मग काही न विचारता तीही बाह्या सारून शेजारी बसली. "बरं, बघू या. तुमच्या मनात आलंय तर बघू या. कुठं वाटतंय तुम्हाला?"

"इथंच कुठंतरी."

दोघी बराच वेळ माती चाचपत राहिल्या. ऊलकानला धाप लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायला गेली तर गालाला चिखल लागला.

"मनाला नका हो लावून घेऊ," सालकिन म्हणाली आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तिने सासूचा गाल पुसला. "तुमची काय चूक? सामान हलवताना पडायचंच एखादं."

"पडले नव्हते."

सालकिनने वर बघितलं.

"माझ्या पेटीत होते," ऊलकान मातीकडे बघत म्हणाली. "तळाच्या कापडात. पहिल्यापासून. परवा तू ओढ्यावर होतीस, तेव्हा मी इथं पुरले. तुला सापडावेत म्हणून. दगड ठेवला होता वर. आता मलाच सापडेनात."

उतारावर एक घोडी शिंगराला हाका मारत होती. सालकिनचा हात मनगटापर्यंत मातीत होता तसाच राहिला. ऊलकान वाट बघत होती. सून ओरडली असती, रडली असती, सागिनला हाक मारून चारचौघांत सगळं सांगितलं असतं, तरी तिने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं.

"किती खोल?" सालकिनने विचारलं.

ऊलकानने चार बोटं दाखवली.

सालकिनने मान हलवली. तंबूतून ती एक जुना लोखंडी चमचा घेऊन आली, आणि वर्तुळाच्या कडेपासून ओळीने एकेक गड्डा उपसून, फोडून, मागे टाकू लागली. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. ही जमीन तिच्या हातांना पाठ होती. ऊलकान फोडलेली माती पुन्हा चाळून बघत होती.

निम्मं वर्तुळ संपलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सालकिन उठली, गुडघे झाडले.

"घोड्या पिळायच्यात," ती म्हणाली.

तिने चमचा सासूच्या हातात दिला आणि मागे न बघता उतारावर चालू लागली. ऊलकानने तो दोन्ही हातांनी धरला, थोडी पुढे सरकली आणि पुढचा गड्डा उपसायला घेतला.