स्टेपनीचा वाटा

मुळशीच्या दादासाहेब आणि हैबतराव या भावांकडे एक गाडी होती आणि ती दोघांची होती. धरणाकडेची जमीन रिसॉर्टला गेली, त्या पैशांतून त्यांनी मिळून एक उंच, पांढरी एसयूव्ही घेतली. तेव्हापासून तिचं सगळं निम्मं-निम्मं चालायचं. डिझेल निम्मं, विमा निम्मा. दसऱ्याला पुढच्या जाळीवर दोन हार, एकाच लांबीचे. एका वर्षी एक हार चार झेंडू लांब निघाला, तर दादासाहेबांनी ते चार झेंडू तोडले आणि हैबतरावांनी ते मोजून घेतले.

अशा घरात गाडीचे टायर गोटा झाले. नक्षी पुसली गेली, हात फिरवला तर टायर बोडक्या डोक्यासारखा लागायचा.

दोघांची थोरली बहीण रजनीबाई गावातच राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. टायरची काळजी भावांपेक्षा त्यांनाच जास्त होती आणि त्याला कारण होतं. गावावरच्या डोंगरात चार किलोमीटरवर एक वाडी आहे. तिथली शाळा पट कमी म्हणून बंद झाली आणि वाडीची पाच मुलं खालच्या शाळेत यायला लागली. यायला लागली म्हणजे उन्हाळ्यात यायची आणि पावसाळ्यात घरी बसायची. रजनीबाईंनी भावांकडे शब्द टाकला, तशी दोन वर्षांपूर्वी गाडी रोज सकाळी वाडीवर जाऊ लागली. गाडी हैबतराव चालवायचे. दादासाहेब शेजारी बसून ती कशी चालवावी ते सांगायचे.

गेल्या ऑगस्टात वाडीच्या वळणावर गाडी घसरली आणि पाचही मुलांसकट मागच्या मागे जात एका खाचरात जाऊन उभी राहिली. खाचरात भात लावलेला होता, म्हणून कुणाला लागलं नाही. भाताला लागलं.

खाचर तानाजीचं होतं आणि गाडीत त्याची सखूही होती. भाताबद्दल तो काही बोलला नाही. मुलीबद्दल बोलला. या मे महिन्यात रजनीबाई वाडीवर गेल्या तेव्हा त्याने पुन्हा तेच सांगितलं, की टायर नवे आणि चांगले बघितल्याशिवाय पोरगी गाडीत बसणार नाही, आणि गाडीत बसणार नसेल तर यंदापासून ती त्याच्यासोबत रोजावर येईल. सखू सहावीत जाणार होती. उरलेल्या चौघांचे आईबाप तानाजी काय करतो ते बघून ठरवणार होते. आता जून लागला होता आणि शाळा सोमवारी उघडायची होती.

तेव्हा शनिवारी सकाळी तिघं भावंडं पौडला गेली. स्टँडजवळ शैलेशचं टायरचं दुकान आहे. शैलेश रजनीबाईंचा विद्यार्थी. बाई गाडीतून उतरताना दिसल्या तशी त्याने तोंडातली सुपारी गिळली आणि उभा राहिला.

त्याने दोन प्रकारचे टायर काढून भिंतीला लावून ठेवले. एक स्वस्तातले, एक महागाचे, जवळपास दुपटीचे. दोन्ही ऑल सीझन, असं तो म्हणाला. म्हणजे कुठले सीझन, असं रजनीबाईंनी सहज विचारलं, तर त्याने हात मागे बांधून वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर असे सहाही ऋतू म्हणून दाखवले. मग हात सोडून त्याने खुलासा केला की कंपनीच्या हिशेबात यात थोडाफार बर्फसुद्धा येतो.

हैबतराव म्हणाले, "मुळशीत बर्फ पडत न्हाई. बर्फाचे पैसे वजा कर."

दादासाहेबांना महागाचे हवे होते. त्यांनी टायरभोवती एक फेरी मारली आणि घ्यायची तर वस्तू घ्यावी, असं भिंतीकडे बघून सांगितलं. हैबतरावांना स्वस्तातले हवे होते. गाडी काय दिल्लीला जात नाही, पौडला जाते आणि वाडीवर जाते, असं त्यांनी दुसऱ्या भिंतीकडे बघून सांगितलं. टायरच्या दुकानाला तीनच भिंती असतात. तिसरी शैलेशच्या वाट्याला आली.

रजनीबाईंनी शैलेशकडे खडू मागितला. पंक्चरच्या जागी खूण करायला तो त्याच्याकडे असतोच. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर महागाचा टायर कुठे थांबेल आणि स्वस्तातला कुठे थांबेल, ते जमिनीवर रेघ मारून दाखव, असं त्यांनी सांगितलं. शैलेशने पहिली रेघ मारली. दुसरीसाठी तो चालत दुकानाबाहेर गेला, वडापाववाल्याच्या गाड्यापाशी वाकला आणि तिथे रेघ मारून परत आला. वाडीच्या उतारावरच्या वेगाला एवढा फरक पडेलच, असं तो म्हणाला. वाडीच्या वळणावर कठडा नाही. असता, तर तो या दोन रेघांच्या मध्ये आला असता.

हैबतरावांनी दोन्ही रेघा नीट बघितल्या, आणि स्वस्तातलेच घ्यायचे म्हणाले.

इथे रजनीबाईंनी रेघांचा नाद सोडला. एखादं मूल तेच चुकीचं उत्तर तिसऱ्यांदा देतं, तेव्हा त्याचं गणित कच्चं नसतं, त्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललेलं असतं, हे त्यांना तेहतीस वर्षांत पुरेसं कळलेलं होतं. हैबत चिकटही नव्हता. गावच्या जत्रेत तमाशाच्या फडाला पहिली पाचशेची नोट त्याची असायची. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शैलेश बिचारा दोन्ही मालांचे गुण सांगत होता. स्वस्तातले दोन वर्षं जातील, फार तर अडीच. महागाचे बसवले, की पाच वर्षं टायरकडे बघायला नको.

पाच वर्षं म्हटल्यावर हैबतरावांनी मान खाली घातली आणि पायातल्या चपलेचा अंगठा नीट केला. अंगठा नीटच होता.

मग रजनीबाईंना उलगडलं. हैबतचा मुलगा पप्पू रिसॉर्टच्या पाहुण्यांची ने-आण करायची म्हणत होता आणि त्यासाठी त्याला घरची, म्हणजे फक्त स्वतःच्या घरची गाडी हवी होती. दोन वर्षांत हैबत वेगळा होणार होता. पाच वर्षांचे टायर घेणं म्हणजे पाच वर्षं एकत्र राहण्याचं कबूल करणं. दादाला ते हवं होतं आणि हैबतला नको होतं, आणि दोघांपैकी कुणाच्याही तोंडून ते निघत नव्हतं, म्हणून दोघंही रबराबद्दल बोलत होते.

त्यांनी हैबतला काही विचारलं नाही. भरवर्गात मुलाला उभं करून विचारलं, तर ते खरं सांगत नाही. त्या शैलेशला म्हणाल्या, "टायर काढून दुसऱ्या गाडीला लावता येतो ना रे?"

येतो की, शैलेश म्हणाला, माप जुळलं म्हणजे झालं.

मग दोघांनी दोन-दोन महागाचे घ्यावेत, असं रजनीबाईंनी सुचवलं. कधी वाटणी झालीच, तर आपापले दोन काढून न्यायचे. झालीच तर.

हैबतराव लगेच हो म्हणाले. जरा जास्तच लगेच म्हणाले. दादासाहेबांनी धाकट्या भावाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाले, "बसव चार."

शैलेशने जॅक काढला. आणि मग, धंद्याच्या सवयीने, त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, स्टेपनीचं काय करायचं? तीही गोटा झालीय.

पाचवं चाक कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. चार दोघांत बसत होती, पाच बसत नव्हती. दादासाहेब म्हणाले, थोरला म्हणून ती माझ्याकडे. हैबतराव म्हणाले, पंक्चर झालं तर चिखलात बसून चाक मी बदलतो, तुम्ही छत्री धरता. दादासाहेब म्हणाले, छत्री कुणावर धरतो? असं थोडा वेळ चाललं. शैलेशने जॅक खाली ठेवला आणि स्टुलावर बसला.

"स्टेपनी माझी," रजनीबाई म्हणाल्या.



"आक्का, तू स्टेपनीचं काय करणार?" दादासाहेबांनी विचारलं.

"तुमच्यासारखंच. ठेवणार."

पेन्शनच्या खात्याचं कार्ड त्यांनी पर्समधून काढून काउंटरवर ठेवलं. हैबतराव हसू लागले होते, पण कुणी सोबत हसेना. जमीन रिसॉर्टला गेली तेव्हा तहसील कचेरीत रजनीबाईंनी हक्कसोडपत्रावर सही केली होती. सगळ्याच बहिणी करतात. त्यांना साडी मिळाली होती, चांगली होती साडी. त्या वेळी त्या काही बोलल्या नव्हत्या आणि आताही त्यांचा आवाज वर चढला नाही.

"जमिनीला सही केली मी. टायरला नाही करणार," एवढंच त्या म्हणाल्या.

स्टेपनीशिवाय डोंगरात गाडी कुणीच नेत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणजे आता वाडीवर जायचं तर आक्काला विचारावं लागणार होतं, आणि पौडला जायचं तरी लागणार होतं.

रजनीबाईंनी शैलेशकडून कोरा कागद मागितला आणि समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. पुढचे दोन टायर दादासाहेबांचे, मागचे दोन हैबतरावांचे, स्टेपनी रजनीची. दोघे विभक्त झाल्यास ज्याच्या गाडीला स्टेपनी लागेल, त्याची गाडी शाळेच्या दिवशी सकाळी साडेनऊला वाडीवर जाईल, सखू सातवी पास होईपर्यंत आणि तिच्या मागची चौघं पास होईपर्यंत. भावांनी सह्या केल्या. शैलेशने साक्षीदार म्हणून केली. त्याच्या सहीतला ऱ्हस्व उकार त्यांनी दीर्घ करून घेतला, कारण शैलेश भूमकर हे त्याचं नाव होतं.

सोमवारी गाडी वळणावरून वर गेली, या वेळी मागच्या सीटवर रजनीबाईही होत्या. रात्री पाऊस झालेला होता आणि लाल माती पार लोणी झाली होती, पण चाकं तिला धरून चढली. दादासाहेबांनी कशी चालवावी ते तीनदाच सांगितलं.

वाडीवर तानाजी वाट बघत होता, आणि त्याच्या मागे पाचही मुलं दप्तरं घेऊन उभी होती. त्याने चारही टायरांच्या खाचांत बोट घालून बघितलं. मग तो ओल्या जमिनीवर आडवा झाला, गाडीखाली डोकं घालून स्टेपनी बघितली, आणि पाठीला चिखल घेऊन उठला. टायर बेस हायेत, तो म्हणाला. पण गाडीपासून तो हलला नाही, दारालाच टेकून राहिला.

"तुमा भावांचं न्यारंच काय काय ऐकू येतंय खाली. उद्या तुमचं फाटलं आन् गाडी बंद झाली, तर माझी पोरगी आर्ध्यात लटकंल. त्यापरीस आताच ऱ्हाऊ दे की."

रजनीबाईंनी पर्समधून कागद काढून त्याला दिला. तानाजीला वाचता येत नव्हतं. त्याने तो सखूकडे दिला.

सखू मोठ्याने वाचू लागली. शाळेत वाचतात तशी, प्रत्येक पूर्णविरामाला श्वास घेऊन. पुढचे दोन, मागचे दोन, स्टेपनी रजनीची. मग ती अडकली. "दोघे विभ... विभ..."

हैबतरावांनी सांगायला तोंड उघडलं. रजनीबाईंनी हात वर केला. मुलाचं अडलेलं अक्षर मोठ्यांनी सांगायचं नसतं. झाडावरून टपावर पाणी गळत होतं. सखूने क आणि त वर बोट ठेवलं, ते वेगळे केले, पुन्हा जोडले.

"विभक्त झाल्यास," ती म्हणाली. आणि मग, कळलं नाही म्हणून विचारावं तसं तिने वर बघून विचारलं, "विभक्त म्हंजी काय ओ, बाई?"

रजनीबाई सांगणार होत्या. पण पुढच्या सीटवरून दादासाहेबच बोलले.

"हा वायला निघाला तर," ते समोर काचेकडे बघत म्हणाले. "निघू दे. गाडी येईल तवा बी."

हैबतरावांनी स्टेअरिंगवरचा हात काढला, वायपर चालू केले आणि परत बंद केले.

सखूने उरलेला कागद वाचून संपवला, सह्यांसकट. तानाजीने तो तिच्याकडून घेतला, चार घड्या घातल्या आणि रजनीबाईंना परत न देता स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग त्याने दार उघडलं आणि सखूचं दप्तर आत टाकलं.

त्या दिवशी पाचही मुलं अकरा मिनिटं उशिरा शाळेत पोचली. गुरुजींनी उशिराचं कारण विचारलं, तर सखूने उभं राहून सांगितलं, की वाचन चालू होतं.