छायेश्वर महाराजांची काळी पट्टी

बोईसरच्या बाजारामागच्या एका गाळ्यासमोर शनिवारी सकाळी चपलांचा एवढा ढीग लागायचा, की माणूस आपल्या चपला काढून आत जायचा आणि बाहेर आल्यावर पायात बसतील त्या घालून घरी जायचा. छायेश्वर महाराजांच्या दारातला हा एकच चमत्कार खरा होता. बाकीचे आत चालायचे.

आत अंधार. खिडक्यांना काळं कापड, छताला झिरोचा एक बल्ब, आणि उदबत्तीचा धूर इतका, की पुढच्या बाईचा गजराही वासावरून ओळखावा. उंच गादीवर महाराज. शेजारी लग्नाच्या हॉलात लावतात तसला भलामोठा टीव्ही. समोर पट्टशिष्य चिराग, त्याच्या गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश, आणि फ्लॅशला भगवं फडकं बांधलेलं, जणू त्यानंही दीक्षा घेतली होती.

"मायबाप!" महाराज गरजले. "डोळा फसतो, आरसा फसतो, पण तेज फसत नाही! बाधा म्हणजे काय? निगेटिव्ह एनर्जी! ती डायरेक्ट क्वांटममध्ये जाऊन बसते! एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, आमच्या तेजात प्रारब्ध दिसतं! चिराग, सोड तेज!"

फट्! सगळा गाळा पांढराफटक झाला. दुसऱ्या क्षणी टीव्हीवर फोटो आला. खुर्चीत बसलेल्या बाईचा एक भाग लख्ख, दुसरा काळाकुट्ट. मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी.

"अगंऽ बाईऽ!" गर्दी एका तोंडानं म्हणाली.

"डावीकडे काळं, म्हणजे सासरकडची बाधा. उजवीकडे असतं तर माहेरकडची." महाराजांनी नारळ फिरवला, कपाळाला अंगारा फासला, तीनदा "हूं" केलं. पुन्हा फट्. या वेळी फोटो स्वच्छ! बाई रडायला लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्वीला टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. पण तिचे दोन्ही हात गर्दीत अडकलेले असल्यामुळे तिचा निषेध कुणाला दिसलाच नाही. दहावीतली ही पोर पालघरजवळच्या माहीमची. (मुंबईचं माहीम वेगळं. हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगितलं.) तिच्या एका बाजूला होती आई, काशीबाई, जिच्या आवाजानं मासळीबाजारात गिऱ्हाईक आणि कावळे एकदमच दचकायचे. दुसऱ्या बाजूला कमळी वहिनी.

कमळी कुंभवलीची. तिचे वडील नाशिककडून कारखान्यात कामाला आलेले. पूर्वीच्या दादाचं, केदारचं, तिच्यावर प्रेम बसलं, मे महिन्यात लग्न झालं, आणि लग्नानंतरच्या दोन्ही फेऱ्यांना बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. इंजिन बाबांच्या लग्नाच्याही आधीचं होतं. पण काशीबाईचा संशय इंजिनावर न जाता सुनेवर गेला. सून कोळ्यांची नव्हती, आणि इंजिन घरचं होतं.

"नाव?" महाराजांनी विचारलं.

"कमळी."

"घरात बोट आहे!" महाराजांनी डोळे मिटून सांगितलं. काशीबाई थरारली. दाराशी चपला सांभाळणाऱ्या सेवेकरी बाईला तिनं स्वतःच अर्धा तास बोटीची रडकथा ऐकवली होती, हे तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

फट्! टीव्हीवर कमळी आली. चेहऱ्याची उजवी बाजू गायब.

"ही नारळानं जायची नाही," महाराज म्हणाले. "ही दर्यावर जाणारी सावली! नारळी पुनवेला हिनं बोटीला हात लावला, तर बोट रिकामी येईल. आली तर!"

"मंग काय करू, म्हाराज?"

"पुढच्या शनिवारी पुन्हा तेज सोडू. काळं निघालं, तर इथूनच माहेरी पोचव. मी सांगेपर्यंत आणू नको."

घरी वहिनीनं भाकऱ्या थापल्या. सगळ्या एका कडेला जाड, एका कडेला पातळ झाल्या. केदार ओट्यावर जाळं विणत बसला होता.

"दादा, तू काहीतरी बोल ना!"

"आई बोलते तं... थोडे दिवस जाऊन येईल ती."

"वादळात नांगर ओढतोस आणि आईपुढे बोंबील होतोस!" पूर्वी म्हणाली. मागच्या वर्षापर्यंत ही पोर वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. यंदा तिला आवाज फुटला होता, आणि फुटल्यापासून तो बंद करायचं बटण घरात कुणालाच सापडत नव्हतं.

"ए भवाने!" आतून काशीबाई ओरडली. "फोटूत दिसलं ना डोल्यांनी? का फोटूबी खोटा हाय?"

इथेच तर पूर्वी अडली होती. फोटो खोटा नव्हता. तिच्यासमोर काढलेला, तिच्यासमोर दाखवलेला. पण तिनं चिरागकडेही बघितलं होतं. "सासरची" बाधा निघाली, तेव्हा त्यानं कॅमेरा उभा धरताना त्याची मूठ, म्हणजे पकडायची बाजू, खाली घेतली होती. "माहेरची" निघाली, तेव्हा मूठ वर. आणि प्रत्येक अंगाऱ्यानंतर त्याचा अंगठा कॅमेऱ्याचं एक चाक गुपचूप फिरवायचा. बाधेला कॅमेऱ्याची मूठ कशाला लागते?

सोमवारी तिनं हिना मॅडमना गाठलं. मॅडम विज्ञान शिकवायच्या आणि शाळेच्या वार्षिक अंकाचं कामही बघायच्या, त्यामुळे शाळेचा कॅमेरा त्यांच्या कपाटात असायचा.

"फोटोत काळी पट्टी?" मॅडम हसायलाच लागल्या. "अगं, आपल्याकडेही आहे की ती बाधा! माजी विद्यार्थ्यानं कौतुकानं फ्लॅश भेट दिला, तो भलत्याच कंपनीचा. स्नेहसंमेलनात त्यानं मुख्याध्यापकांना कमरेखाली गायब केलं. तेव्हापासून फ्लॅश कपाटात आणि मी त्यांच्या काळ्या यादीत."

दोघींनी प्रयोगशाळेचे पडदे ओढले. पूर्वीनं हाडांच्या सापळ्याला खुर्चीत बसवलं आणि फोटो काढला. स्वच्छ. मॅडमनी चाक थोडं फिरवलं. फट्! सापळ्याचे पाय काळे. कॅमेरा उभा धरला, मूठ खाली. सापळ्याची डावी बाजू गेली. मूठ वर. उजवी गेली.

"सापळ्याला सासर आणि माहेर दोन्हीकडून लागलंय, मॅडम!"

"आता कारण ऐक. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून बंद करत येतो. या चाकानं वेग कमी ठेवला, तर दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा येतो, की सगळी खिडकी उघडी असते. फ्लॅशचा लखलखाट असतो एवढासा, डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी लहान. तो त्या क्षणात पडला, की सगळा फोटो उजळतो. पण वेग वाढवला तर?"

"तर पहिला पडदा पोचायच्या आधीच दुसरा निघतो," पूर्वी सावकाश म्हणाली. "म्हणजे खिडकी पूर्ण उघडतच नाही. फ्लॅश पडतो तेव्हा दुसऱ्या पडद्यानं जेवढं झाकलेलं, तेवढं काळं!"

"शाब्बास. कॅमेऱ्याशी जुळणारा फ्लॅश असेल, तर तो खालच्या पिनांमधून कॅमेऱ्याला सांगतो, बाबा रे, मी आलोय, जास्त पळू नको. मग कॅमेरा वेग वाढवूच देत नाही. परक्या फ्लॅशला कॅमेऱ्याची एकच हाक समजते, पेट! तो पेटतो. उलट काही सांगायची त्याला सोय नाही."

 पूर्वी भडकली. "म्हणजे मॅडम, जुळत नाही फ्लॅशचं आणि कॅमेऱ्याचं, आणि घराबाहेर माझी वहिनी!"

शनिवारी हिना मॅडम स्वतः गाळ्यात आल्या, शाळेचा कॅमेरा आणि तो परका फ्लॅश घेऊन. रिक्षात कमळीची पिशवी तयार होती. चिरागनं दाराशी हात आडवा घातला. "मॅडम, कॅमेरा अलाउड नहीं है."

"शाळेच्या अंकात महाराजांचा फोटो छापायचाय," पूर्वी गोड आवाजात म्हणाली. "पानभर. रंगीत."

महाराजांनी हे गादीवरून ऐकलं आणि दाढीवरून हात फिरवला. "येऊ दे बालिकेला."

"आणि महाराज, तुमचं तेज टीव्हीवर सगळ्यांना दिसू दे ना! आधी तुमचं, मग वहिनीचं."

चिराग महाराजांना काहीतरी खुणावत होता. पण "पानभर, रंगीत" ऐकल्यावर महाराजांना खुणा दिसायच्या बंद झाल्या होत्या. मॅडमनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली, पूर्वीनं कॅमेरा उभा धरला, मूठ खाली. फट्! टीव्हीवर महाराज अवतरले. डावी बाजू काळीकुट्ट.

पहिल्या रांगेतले लोक मागे सरकले. पूर्वीला वाटलं, जिंकलो.

पण महाराज मुरलेले होते. त्यांनी डोळे पुसले. "बघा! बघा लेकरांनो! तुमच्या बाधा मी माझ्या अंगावर घेतो! आज तेजानं साक्ष दिली!"

"छायेश्वर महाराज की... जय!" लोक पाया पडायला धावले. काशीबाई तर पहिली.  खरं समोर धरलं, तर लोकांनी त्यालाही हार घातला. आता?

"महाराज," तिनं आवाज चढवला, "तुमचं हे दुखणं आम्हाला बघवत नाही. नारळ फिरवा ना स्वतःवरून!"

लोकांना ते पटलं. महाराजांना नारळ फिरवावा लागला. पूर्वीनं कॅमेऱ्याची मूठ वर केली. फट्! आता उजवी बाजू काळी.

"सासरची गेली, माहेरची आली!" पूर्वी म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "आई, इकडं ये. आता फोटो तू काढायचा."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"येत नाही, म्हणूनच तू हवीस. हे चाक बघ. तुला वाटेल तेवढं फिरव आणि हे बटण दाब. कॅमेरा आडवा धर."

काशीबाईनं कधी कुणाच्या तराजूवर विश्वास ठेवला नव्हता. दुसऱ्याचं वजन ती नेहमी आपल्या हातानं करून बघायची. चाक हातात आल्यावर तिचा तोच हात जागा झाला. तिनं ते करकरा फिरवलं. महाराज उठू लागले, "अरे, तेजाचा खेळ करू नका..." फट्!

टीव्हीवर महाराज नव्हते. गादी नव्हती. दाढीही नव्हती. वरच्या कडेला फक्त छताच्या पंख्याची दोन पाती आणि खाली मिट्ट काळोख.

"गेले कुटं?" काशीबाईनं मान वर करून बघितलं. महाराज समोर होते, घामाघूम. तिनं चाक उलटं फिरवलं. फट्! महाराज आले. पुन्हा सुलटं. गेले. उलटं. आले.

"आये! माज्या हातात आली की याची बाधा!"

आता हसणं पहिल्या रांगेपर्यंत आलं. हिना मॅडमनी चिरागच्या फ्लॅशवरचं भगवं फडकं सोडलं, फ्लॅशवरचं आणि कॅमेऱ्यावरचं वेगवेगळ्या कंपन्यांचं नाव दाखवलं, आणि हाताच्या दोन तळव्यांचे पडदे करून सगळं समजावून सांगितलं. चिराग मागच्या दारानं सटकला. महाराजांना तेही जमेना, कारण गादीभोवती बायकांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीला एकदा तरी महाराजांना गायब करायचं होतं. पोलिसांना फोन करून मॅडमही त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"चल गो पोरी, घरी," काशीबाई सुनेला म्हणाली. नजर चपलांकडे.

"नाही," कमळी म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा तिचा आवाज मोठा निघाला. "मी कुंभवलीला जाणार. सावलीसाठी नाही, मला माझ्या आईकडे दोन दिवस राहायचंय म्हणून. आणि न्यायला तुम्ही यायचं, आई. केदारला पाठवायचं नाही."

 काशीबाईनं मान हलवली आणि रिक्षातली पिशवी स्वतः आणून तिच्या हातात दिली.

सोमवारी काशीबाई खरंच गेली, सोबत पूर्वीला घेऊन. कुंभवलीच्या चाळीत शेजारणींनी दारातच घेरलं. "गेली का हो सावली?"

"पोरीवर नवतीच," काशीबाई सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "सावली माज्या डोक्यात हुती. कोनीबी काय दाखवलं, की मी नुसतं बगत बसले. दोन पोरांची आई मी, शिळा मासा कल्ला उघडून बगते, आनि मानूस पारखताना मात्र इचारलं नाय, का रं बाबा, ह्ये झालं कसं? तेवडं इचारा बायांनो. द्येव असंल तं रागवायचा नाय. रागावला, तं समजा द्येव नाय, दुकान हाय."

मग ती उंबऱ्याशी थांबली, आणि आत येऊ का, असं तिनं सुनेला विचारलं.