सरासरी दोन दिवस

"काय रे धाकट्या, तुझ्या खात्यातली माणसं कामं करतात की नुसत्या शंका काढतात?"

कर आणि सीमाशुल्क खात्याच्या मंत्र्यांना 'धाकट्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे ती सगळ्यांशीच ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करून बोले. रागावली की आणखीच सुटा.

मंत्र्यांनी पावाला लोणी लावता लावता विचारलं, "आता काय झालं, ताई?"

"आमची बडबडी आठवते?"

न आठवायला काय झालं! शाळेच्या समारंभात मंत्र्यांचं भाषण मध्येच तोडून 'तुमच्या पोटातून आवाज आला' असं भर सभेत सांगणारी मुलगी. जन्मापासून ठार बहिरी. शस्त्रक्रिया झाली, कानामागे यंत्र बसलं आणि पोर जी बोलायला लागली ती थांबायचं नाव घेईना.

"तिचं कानामागचं यंत्र बंद पडलं. नवीन मागवलं, ते बंदरावरच्या गोदामात येऊन पडलंय. तुझे लोक आधी म्हणाले, हे गाणी ऐकायचं उपकरण आहे. डॉक्टरांचा दाखला दिला. मग म्हणाले, मूळ प्रत आणा. आणली. मग म्हणाले, हे वापरलेलं नाही कशावरून? दर वेळी नवी शंका आणि दर वेळी पुन्हा रांगेच्या शेपटाला." ताईंचा आवाज खाली आला. "पोर गप्प होत चाललीय रे. आधी 'स' गेला तिचा. आता शब्दांचे शेवट गिळायला लागलीय. स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की या वयात भाषा अशीच विरघळते."

"मी फोन करतो."

"कर. नको म्हणण्याइतकी मी साध्वी नाही. पण ज्यांचा भाऊ मंत्री नाही त्यांनी काय करायचं, तेही एकदा विचार तुझ्या लोकांना."

मंत्र्यांनी तिच्यासमोरच बंदरावरच्या आयुक्तांना फोन लावला. "लगेच बघतो, साहेब," पलीकडून अदबशीर उत्तर आलं. मंत्र्यांनी उरलेला पाव समाधानाने तोंडात टाकला. काम फत्ते!

पुढच्या आठवड्यात सभागृहात त्यांच्या खात्याचे प्रश्न होते. सचिव उत्तरांचा मसुदा घेऊन कार्यालयात आले. विरोधी बाकांवरच्या वकीलबाईंनी विचारलं होतं, परदेशातून येणारं वैद्यकीय साहित्य सोडवायला किती वेळ लागतो? मसुद्यात उत्तर होतं, 'सरासरी दोन दिवस.'

"वा! छान आहे की," मंत्री म्हणाले. मग त्यांना आठवलं. "ते कानाचं यंत्र पोचलं ना हो? ताईंचा काही निरोप नाही."

सचिवांनी बंदरावर फोन केला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"साहेब, ते जरा थांबलंय. आपण फोन केलात ना, त्यामुळे."

"फोनमुळे थांबलं?"

"वरून विचारणा आली की फेरतपासणी करतात. उद्या कुणी म्हणायला नको, मंत्र्यांच्या बहिणीसाठी नियम वाकवला. म्हणून ते परत सुरुवातीपासून घेतलंय."

"मग मी सोडण्याचा लेखी आदेश देतो."

"तो अधिकार आपल्याला नाही, साहेब. एकेका मालाचा निर्णय तपासनिसाचा. मंत्र्यांनी त्यात हात घालू नये म्हणून तर कायदा केलाय." सचिवांनी पुस्ती जोडली, "चांगला कायदा आहे तसा."

तो मंत्र्यांनाही चांगलाच वाटत होता. अडचण तीच होती. त्यांनी मसुद्यावर बोट ठेवलं.

"मग हे दोन दिवस आले कुठून?"

सचिव सरळ माणूस होते. विचारल्याखेरीज बोलत नसत, विचारल्यावर लपवत नसत. "आपण शंका काढली की प्रकरण निकाली निघतं, साहेब. समोरच्याचं उत्तर आलं की नवं प्रकरण सुरू. मोजणी पुन्हा शून्यापासून."

"म्हणजे त्या मुलीचं यंत्र..."

"सात वेळा निकाली निघालंय. प्रत्येक वेळी दोन दिवसांच्या आत." मग सचिव जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगायचं तर अशा अडलेल्या मालामुळेच आपली सरासरी सुधारते."

"आणि हे कुणाला कळलं नाही?"

"तपासनिसांची बढती या सरासरीवर ठरते, साहेब. कळून सांगणार कोण? आणि खोटं कुणीच लिहीत नाही. मोजणी अगदी काटेकोर आहे."

त्या संध्याकाळी मंत्री बहिणीकडे गेले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "माझे हात दगडाखाली अडकलेत, ताई. यंत्र सोडवू शकत नाही. मोजण्याची पद्धत बदलायला लावू शकतो, पण खरा आकडा बाहेर आला की तो माझ्याच नावावर चढणार."

"उपाशी माणसाला पंगतीत बसवायचं," ताई म्हणाल्या, "दर थोड्या वेळाने येऊन 'काय वाढू?' असं विचारायचं, वाढायचं काहीच नाही, आणि गावभर सांगायचं, आमच्याकडे पाहुण्याकडे कुणाचं दुर्लक्ष होत नाही! असं आहे तुझं उत्तर. त्याचं पोट किती वेळ रिकामं आहे, हे मोजलं का कुणी?"

"पण खरं सांगून बडबडीला काय मिळणार?"

"काही नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "तिला आता त्याचा उपयोग नाही. उशीर झालाय तो झालाय. मी तिच्यामागून येणाऱ्यांचं बोलतेय."

प्रश्नांच्या दिवशी मंत्र्यांनी छापील उत्तर वाचून दाखवलं. सरासरी दोन दिवस. मागच्या बाकांनी टेबलं वाजवली. तेवढ्यात वकीलबाई उठल्या.

"अध्यक्ष महाराज, साधा उपप्रश्न आहे. हे दोन दिवस कधीपासून मोजले?"

मागून एक चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात सरकली. 'माहिती घेऊन कळवतो, असे सांगावे.' तेवढं सांगितलं की सुटका होती. मंत्र्यांच्या डोळ्यांपुढे शब्दांचे शेवट गिळणारं एक लहान तोंड आलं. त्यांनी चिठ्ठी दुमडली.

"अध्यक्ष महाराज, आम्ही शेवटच्या शंकेचं उत्तर आल्यापासून मोजतो. माल उतरल्यापासून मोजत नाही. मी वाचलेला आकडा काटेकोर आहे, आणि तरीही तो खोटा आहे!"

सभागृहात एकच गोंधळ उडाला! स्वपक्षाचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. मंत्री बोलत राहिले. मुलीचं सांगितलं, आपण केलेल्या फोनचंही सांगितलं. यापुढे माल उतरल्या दिवसापासून तो माणसाच्या हातात पडेपर्यंत मोजलं जाईल, एवढं आश्वासन देऊन ते खाली बसले.

तसं मोजलं गेलं. सरासरी दोन दिवसांवरून एकदम सहा आठवड्यांवर गेली. वर्तमानपत्रांनी ठळक मथळा दिला, 'सीमाशुल्काचा कारभार ढासळला!' वकीलबाईंनीच राजीनाम्याची मागणी केली. सभागृहाबाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मनातून मला तुमचं कौतुक आहे हो. पण पक्षाचं काम पक्षाचं." महिना उलटायच्या आत मंत्र्यांचं खातं गेलं. निरोप देताना सचिवांनी एवढंच सांगितलं की नवी पद्धत अजून तरी कुणी मोडलेली नाही. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बडबडीचं यंत्र आलं ते तिच्या रांगेतून, तिचा नंबर लागल्यावर. माजी मंत्री वर्गात लहान खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ताईंनी यंत्र कानामागे लावलं. पोर दचकली, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून राहिली. मग तोंड उघडून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"मलाही नाही कळलं," ताई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल."

"मी काय करू?"

"तू? काही नाही. बस तिच्यासमोर आणि बोल. हळू बोल."

वाचकहो, खोटं बोलण्यासाठी दर वेळी खोटा आकडा लागतो असं नाही. खरा आकडा सोयीच्या जागेपासून मोजला तरी पुरतं. सरकार असो, शाळा असो की आपलं स्वतःचं कार्यालय, कुणी सरासरी सांगितली तर टाळी वाजवण्याआधी एवढं जरूर विचारा: मोजायला सुरुवात कधी केली, आणि वाट पाहणारा माणूस तोवर किती थांबला होता? उत्तर मिळेलच असं नाही. मिळालं तरी ज्याचं नुकसान झालं त्याचं ते भरून येईल, असंही नाही. पण त्याच्यामागे रांगेत अजून कुणीतरी उभं असतं. आपण विचारायचं ते त्याच्यासाठी.